कुठूनबाईंच्या तीन फळ्या

कुठूनबाई पुस्तक मागून उघडत. बहारीनमध्ये याचं कुणाला नवल वाटत नसे. अरबी पुस्तकं आपल्या दृष्टीनं मागूनच सुरू होतात, तेव्हा बघणाऱ्याला वाटे, बाईंना इतक्या वर्षांत इथलं वळण लागलं. पण बाई मराठी पुस्तकही मागूनच उघडत आणि इंग्रजीही. शेवटच्या पानांवर टिपा आहेत का, संदर्भ दिलेत का, लेखकानं कुणाचे आभार मानलेत, हे आधी बघत. भाजी घेताना भेंडीचं टोक मोडून बघावं, तसा तो कार्यक्रम असे. टोक कडकन मोडलं तर पुस्तक सुलट करून पहिल्या पानापासून वाचायला घेत. नाही मोडलं तर मिटून त्यावर तळहात ठेवत आणि म्हणत, "आता हे मी कोणाच्या भरवशावर वाचू?"

कुठूनबाई हे नाव मी ठेवलं. कोणतंही विधान कानावर पडलं की त्या मान किंचित तिरकी करून विचारत, "हे कुठून?" आवाजात भांडण नसे. शेजारणीला नव्या साडीचं दुकान विचारावं, तितक्या उत्सुकतेनं विचारत. त्यांचे यजमान सलमानियाच्या मोठ्या इस्पितळात लॅब टेक्निशियन होते, मोजकं बोलणारे. ते एकदा मला म्हणाले, "सकाळी मी म्हटलं, आज धुळीचं वादळ येणार. तर म्हणते, कुठून? म्हटलं, नेहमीसारखं इराककडून." बाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "पाहा सर, घरात तरी सोर्स मिळतो."

इथल्या मराठी मंडळातल्या जुन्या लोकांना हे नाव अजून आठवतं. त्यातला अर्धा भाग त्यांना ठाऊक आहे, की ही बाई फार प्रश्न विचारायची. उरलेला अर्धा मला ठाऊक आहे आणि तो सांगायला मी फार उशीर केला. गेल्या हिवाळ्यात छातीत कळ आली म्हणून मला सलमानियाला ठेवलं होतं. तिथल्या खाटेवर मला मी बांधलेल्या इमारती आठवल्या नाहीत. बाई आठवल्या.

आम्ही दोघं एकाच बांधकाम कंपनीत होतो. मी डिझाइन विभागाचा प्रमुख आणि बाई डॉक्युमेंट कंट्रोलच्या प्रमुख. बाहेरच्या माणसाला या खात्याची कल्पना नसते. एका इमारतीचे शेकडो नकाशे निघतात आणि प्रत्येक नकाशा पाच-सहा वेळा बदलतो. साइटवरच्या माणसाच्या हातात शेवटचा, मंजूर झालेलाच नकाशा पडला पाहिजे, नाहीतर भिंत भलतीकडे उभी राहते. कोणता नकाशा कुणी, कुणाच्या सांगण्यावरून बदलला, याचा माग ठेवणं हे बाईंचं काम. नवा नकाशा आला की जुन्यावर त्या लाल शिक्का मारत, 'सुपरसिडेड', म्हणजे बाद. पण जुना नकाशा त्या कधी फाडत नसत. म्हणत, "बाद झाला म्हणजे खोटा झाला नाही, सर. त्याची जागा बदलली."

एकदा मी एका तुळईतलं लोखंड कमी करून नकाशा पाठवला. बाईंनी अडवला. बदल कुणाच्या सांगण्यावरून? मी म्हटलं, सल्लागाराशी फोनवर बोललोय. "मेल?" म्हटलं, येईल. "मग आल्यावर देते." मी विभागाचा प्रमुख, माझा आवाज चढला. बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही ओरडून राहिले सर, पण मेल तर अजून आली नाही." बाजूला उभा असलेला स्टोअरचा यूसुफ, मुहर्रकचा बहारिनी माणूस, मोडक्या हिंदीत मला म्हणाला, "बाबा, मॅडम का स्टॅम्प मफी, तो काम मफी. खलास." मफी म्हणजे नाही. दुपारी मेल आली. सल्लागारानं दुसऱ्याच तुळईबद्दल सांगितलं होतं, ऐकण्याची गडबड माझी होती. बाईंनी याचा उल्लेख ऑफिसात कुणाजवळ केला नाही. मला मात्र त्या दिवसापासून त्यांचा धाक वाटू लागला. त्याचं नाव आदर आहे, हे कळायला वेळ लागला.

मी निवृत्त होऊन मुलाकडे राहायला लागलो, तेव्हा तो अमवाज बेटावर राहत होता. आमच्याच मजल्यावर मोइरा नावाची आयरिश बाई होती, परिचारिकांना शिकवणारी, मोठ्यानं हसणारी. तिची नोकरी संपत आली होती आणि घर आवरताना तिला पुस्तकांचा प्रश्न पडला होता. सगळी आयर्लंडच्या जुन्या देवदेवतांवरची. ख्रिस्ती होण्याआधीचे देव, त्यांच्या लढाया, टेकड्यांच्या पोटात राहणारे लोक. माझ्यापाशी वेळच वेळ होता. मी पुस्तकं मंडळाच्या वाचनालयासाठी मागून घेतली. वाचनालय म्हणजे माहूजमधल्या एका इमारतीतली तळमजल्यावरची खोली. जुने दिवाळी अंक, कादंबऱ्या, एक खडखडणारा एसी. त्याची जबाबदारी बाईंकडे होती. मी खोकी त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "घ्या, आयर्लंडचे देव."

बाईंनी पहिलं पुस्तक मागून उघडलं.

त्यानंतरचं वर्षभर त्या आयर्लंडमय झाल्या होत्या. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता वाचत. शुक्रवारी सकाळी वाचनालयात आम्ही दोघं बसत असू, कधी यजमान करक चहाचा थर्मास घेऊन येत. खोक्यांत सगळ्या प्रकारची पुस्तकं होती. जुन्या हस्तलिखितांची अभ्यासकांनी केलेली भाषांतरं होती, गोष्टीरूपात लिहिलेली होती, आणि गेल्या पन्नास-साठ वर्षांत ज्यांना त्या देवांची पूजा पुन्हा सुरू करावीशी वाटली, अशांनी लिहिलेली तर ढीगभर होती. मुखपृष्ठं सुरेख. धुकं, दगडांची वर्तुळं, लांब केसांच्या स्त्रिया. प्रत्येक लेखक ठामपणे सांगत होता, आमचे पूर्वज असं मानत. आणि दोन पूर्वज एकमेकांशी जुळत नव्हते.

बाईंनी तीन फळ्या केल्या. पहिल्या फळीवर जुन्या हस्तलिखितापर्यंत स्वतः गेलेले लेखक, ज्यांनी पान कोणतं, शब्द कोणता आणि कुठे शंका आहे, हे सांगितलं. दुसऱ्या फळीवर, दुसऱ्याचं घेऊन सांगणारे, पण 'हे मी अमक्याचं घेतलंय, हे माझं स्वतःचं आहे' असं कबूल करणारे. तिसऱ्या फळीवर, स्वतःचं किंवा दुसऱ्याचं घेऊन ते प्राचीन म्हणून खपवणारे. मला वाटलं होतं, पदव्या असलेले वर जातील आणि पूजापाठवाले खाली. तसं झालं नाही. एका बाईनं लिहिलं होतं, 'हा दिव्याचा विधी मी माझ्या परसात, माझ्या आईच्या मृत्यूनंतर रचला. तो जुना नाही.' तिला त्यांनी दुसऱ्या फळीवर मानानं बसवलं. "ही खरी बाई आहे. हिच्या घरी मी जेवायला जाईन." आणि एका विद्वानाला, ज्याच्या नावामागे पदव्यांची माळ होती, तिसऱ्या फळीवर टाकलं, कारण त्यानं पुस्तकभर एकदाही 'माहीत नाही' म्हटलं नव्हतं. "देवांबद्दल लिहून राहिला आणि याला सगळंच माहीत. असं कसं?"

'प्राचीन' या शब्दावर त्यांचा विशेष राग होता. म्हणत, "ज्याच्यापाशी साल नसतं, त्याच्यापाशी प्राचीन असतं."

ब्रिगिद नावाची एक देवी आहे, कवींची, वैद्यांची, लोहारांची. तिच्यावर खोक्यात जाडजूड पुस्तकं होती. बाईंनी शोधून काढलं की देवी म्हणून तिच्याबद्दलचा सर्वांत महत्त्वाचा जुना मजकूर म्हणजे एका जुन्या शब्दकोशातल्या दोन-चार ओळी. "दोन-चार ओळींचं पीठ, सर, आणि भाकऱ्या पाहा किती थापल्या. थापायला हरकत नाही. फक्त पाणी किती घातलं ते सांगा."

मोइरा परत जाण्याआधी फळ्या बघायला आली. तिचं लाडकं पुस्तक तिसऱ्या फळीवर पाहून तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, माझी आजी अशाच गोष्टी सांगायची; शेतातलं एकटं काटेरी झाड तोडू नये, त्याखाली टेकडीवाले लोक राहतात. बाईंनी लगेच खुर्ची पुढे ओढली. आजीचं नाव काय, गाव कोणतं, तुम्ही तेव्हा किती वर्षांच्या होत्या, आजीला कुणी सांगितलं? मोइरा आधी गोंधळली, मग खुलली आणि तासभर बोलत राहिली. बाईंनी ते सगळं टिपून, खाली मोइराची सही घेऊन, तो कागद पहिल्या फळीवर ठेवला. मला म्हणाल्या, "आजीनं सांगितलं, हा चांगला सोर्स आहे, सर. 'पूर्वजांनी सांगितलं' हा नाही. आजीला गाव असतं." मोइरानं जाताना त्यांना मिठी मारली. बाईंना मिठीची सवय नव्हती. त्या काठीसारख्या ताठ उभ्या राहिल्या, पण दिवसभर खुशीत होत्या.

हे वेड त्यांना का लागलं, हे मी एकदा विचारलं. आयर्लंडशी तुमचा काय संबंध? त्या म्हणाल्या, "सर, त्या लोकांनी स्वतःच्या देवांबद्दल स्वतः पुस्तक लिहिलं नाही. लिहिलं ते मठातल्या ख्रिस्ती साधूंनी, देव गेल्यानंतर. ज्यांनी देव बाद केले, त्यांनीच ते लिहून ठेवले. मग त्यातलं किती खरं मानायचं? हा प्रश्न मला नवा नाही. आमच्याबद्दलही पुष्कळ वर्षं दुसरेच लिहून राहिले होते." त्यांचे वडील नागपूरला प्राथमिक शाळेत शिक्षक. जेवताना मुलांना सांगत, कुणी मोठा बोलला म्हणून मानू नका, पुस्तकात आहे म्हणून मानू नका, मी म्हणतो म्हणूनही मानू नका. "मग आम्ही विचारायचो, बाबा, हे तरी कुठून? तर त्यांना फार आनंद व्हायचा."

आणि त्या साधूंबद्दल त्यांना रागही नव्हता. "ज्यावर आपला विश्वास नाही ते जपून लिहिणं सोपं आहे का? माझा त्यांच्यावर अर्धा भरवसा आहे. अर्धा म्हणजे पुष्कळ झाला."

बाई बौद्ध, मी ब्राह्मण, वाईचा. हे इथे लिहायची गरज का आहे, ते पुढे कळेल. एप्रिलातल्या जयंतीच्या कार्यक्रमाला त्या मला आग्रहानं घेऊन गेल्या होत्या. भारतातून एक वक्ते आले होते, बोलणं धबधब्यासारखं. बोलता बोलता ते म्हणाले, आयर्लंडचे जुने पुरोहित म्हणजे मुळात तिथवर पोहोचलेले बौद्ध भिक्खूच. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. बाई तिसऱ्या रांगेतून उठल्या.

"दादा, हे कुठून?"

वक्ते हसून म्हणाले, "ताई, एका इंग्रज विद्वानाचा ग्रंथ आहे, फार प्राचीन."

"ग्रंथाचं नाव?"

नाव आठवत नव्हतं. बाईंना ठाऊक होतं. मोइराच्या खोक्यात ते पुस्तक होतं, तिसऱ्या फळीवर. मागून कुणीतरी कुजबुजलं, "ताई, आपल्याच माणसाला कशाला?" बाईंनी वळून उत्तर दिलं, "आपल्या माणसाला आधी. परक्याला काय विचारायचं?" थोडा वेळ सभागृहात चुळबूळ झाली. मग एक वयस्क गृहस्थ उभे राहून म्हणाले, "बाई बरोबर बोलून राहिल्या," आणि त्यांनी एकट्यानं टाळी वाजवली. मग इतरांनी. वक्त्यांनी नंतर चहाच्या वेळी येऊन बाईंकडून पुस्तकाचं नाव लिहून घेतलं. परतताना गाडीत मी पोट धरून हसलो. म्हटलं, बाई, तुम्ही आज धमाल केलीत.

काही महिन्यांनी मंडळाच्या वार्षिक व्याख्यानासाठी मला बोलावलं. मी विषय घेतला, 'नक्षत्रवृक्ष आणि आयर्लंड'. आपल्याकडे प्रत्येक नक्षत्राचं झाड असतं. रोहिणीचं जांभूळ, पुष्याचा पिंपळ, मघेचा वड. माझ्या वडिलांनी वाईला घरामागे त्यातली काही लावली होती. मोइराच्या एका पुस्तकात मला सापडलं की प्राचीन आयरिश लोकही प्रत्येक महिना एकेका झाडाचा मानत, आणि त्यांचा पहिला महिना भूर्जाचा. भूर्ज म्हटल्यावर मला भूर्जपत्र दिसलं आणि मी वाहवत गेलो. वेदकाळी एकच वृक्षविद्या होती, तिची एक फांदी इकडे आली, एक तिकडे गेली, असं मी लिहून काढलं. माझ्या हातून निघालेलं इतकं सुंदर काही मी तोवर वाचलं नव्हतं.

व्याख्यानाच्या आधीच्या शुक्रवारी ते बाईंना वाचून दाखवलं. त्यांनी पूर्ण ऐकलं. मग म्हणाल्या, "छान लिहिलं सर. पण झाडांचे महिने जुन्या हस्तलिखितांत नाहीत. अक्षरांना झाडांची नावं आहेत, ती जुनी आहेत. महिने गेल्या शतकातल्या एका इंग्रज कवीनं जुळवले, आणि पुढचे सगळे त्याच्यावरून लिहून राहिले." त्यांनी पहिल्या फळीवरची दोन पुस्तकं काढून पानं दाखवली. मी पानं पाहिली. मला कळलं. मग त्या म्हणाल्या, "आणि नक्षत्रांची झाडं वेदांत कुठे आहेत, तेही पाहून घ्या. मला ठाऊक नाही, म्हणून विचारून राहिले." तेही मी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, बघतो. आणि घरी जाऊन एक शब्दही बदलला नाही. पत्रिका छापून झाल्या होत्या, वकिलातीतले पाहुणे येणार होते, आणि मला ते वाक्य फार आवडलं होतं, इकडे एक फांदी, तिकडे एक फांदी.

व्याख्यानाला खुर्च्या कमी पडल्या. टाळ्या झाल्या. प्रश्नोत्तरांत बाई उठल्या. त्यांनी मला वाचवायचा प्रयत्न केला, हे मला आज दिसतं. त्या एवढंच म्हणाल्या, "सर, झाडांच्या महिन्यांबद्दल दोन मतं आहेत ना? आणि नक्षत्रवृक्ष वेदांत कुठे येतात, तेही सांगाल?" मला फक्त 'हो, मतं आहेत, मी पुन्हा पाहीन' म्हणायचं होतं. मी घड्याळाकडे पाहून म्हटलं, "वेळ संपला आहे. कुठूनबाईंचे प्रश्न काही संपायचे नाहीत." सभागृह हसलं.

मग चहा. आमच्यातलेच एकजण, नाव लिहीत नाही, कप हातात घेऊन म्हणाले, "अहो, वेद म्हटलं की यांच्या पोटात दुखणारच. जातीवर जातात शेवटी." चार-पाच जण होते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण बाई माझ्या ओळखीच्या. मला माहीत होतं की हाच प्रश्न त्यांनी आपल्या माणसांना भर सभेत विचारला होता. मी तिथे होतो, पोट धरून हसलो होतो. मला माहीत होतं की त्यांचं बरोबर आहे. पानं मी स्वतः पाहिली होती. मी चहा ढवळत राहिलो आणि किंचित हसलो. बाई दोन पावलांवर उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. बाईंना राग आला. (हे वाक्य आधी असं नव्हतं, त्याबद्दल शेवटी सांगतो.)

पुढचं सगळं त्या हसण्यातून झालं. मंडळात गोष्ट पसरली की वाचनालयवाल्या बाई वेदांच्या विरोधात आहेत. समितीच्या बैठकीत 'सलोख्यासाठी' वाचनालय दुसऱ्या कुणाकडे द्यावं असं ठरलं. समितीत मीही होतो आणि हात वर करणाऱ्यांत होतो. बाई किल्ली द्यायला माझ्याकडेच आल्या. फळ्यांवर नीट चिठ्ठ्या लावून, धूळ पुसून आल्या होत्या. किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "सर, झाडांच्या महिन्यांची चूक तुमची नव्हती. ती पुस्तकाची होती. आता तुमची आहे."

मी पाणी विचारलं. त्यांनी नको म्हटलं.

त्यानंतर माझं मन मला खात राहिलं आणि त्यावर मी सोयीचा उपाय केला. मंडळाच्या विशेषांकात लेख लिहिला, 'कोणत्या लेखकावर विश्वास ठेवावा?' त्यात झाडांचे महिने आधुनिक आहेत हे कबूल केलं, आणि नक्षत्रवृक्ष वेदांत नसून बऱ्याच नंतरच्या ग्रंथांत येतात, हेही. मग तीन फळ्या सांगितल्या, 'माहीत नाही'ची परीक्षा सांगितली, आजी आणि पूर्वज यांतला फरक सांगितला. बाईंचं नाव कुठेही घातलं नाही. लेख गाजला. पुण्याहून फोन आले. लोक त्याला माझ्या आडनावावरून 'जोशींची कसोटी' म्हणू लागले. इथला एक आयरिश डॉक्टर फळ्या बघायला आला, बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, अशी मांडणी मी आमच्याकडेही पाहिली नाही, कुणी केली? मी म्हटलं, आम्ही.

पुढे बाईंच्या यजमानांची नोकरी संपली, व्हिसा संपला आणि दोघं नागपूरला परत गेली. निरोप समारंभ मंडळानं केला नाही. जयंतीच्या मंडळींनी केला. मला बोलावणं होतं. मी गेलो नाही.

आज वाचनालय नव्या जागेत आहे, अजूनही माहूजमध्येच. फळ्या तीनच आहेत, पण आता त्यांवर आयर्लंड एकटं नाही. महाराष्ट्राचा इतिहास, आयुर्वेद, संतांची चरित्रं, सगळं बाईंच्या पद्धतीनं लागतं. आमची इंग्रजी शाळेतली मुलं मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देतात, पण मोबाइलवर काही वाचलं की एकमेकांना 'थर्ड शेल्फ' म्हणतात. माझा नातू मला म्हणतो, "आजोबा, that's third shelf." कुणाची फळी ते त्याला ठाऊक नसतं. माझा ऊर मात्र प्रत्येक वेळी भरून येतो, की अशा बाईंच्या शेजारी मी शुक्रवारी बसत होतो. पाठोपाठ मान खाली जाते.

मंडळ आता माझा तो लेख पुस्तिकेच्या रूपात काढणार आहे. मी म्हटलं, त्याआधी हा मजकूर छापा, नाहीतर पुस्तिका नको. समितीत थोडी कुरकुर झाली, जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या म्हणून. मी म्हटलं, जुन्या गोष्टींवरचीच पुस्तिका आहे.

छापायला देण्याआधी मी नागपूरला फोन लावला. बाईंनी आवाज ओळखला. "बोला सर." मी सांगितलं, तुमच्यावर लिहिलंय, वाचून दाखवतो. त्या म्हणाल्या, "थांबा, यांनाही बसू द्या." मग मी वाचत गेलो. भेंडीला त्या हसल्या. इराकच्या वादळाला मागून यजमान हसले. तुळईच्या प्रसंगात म्हणाल्या, "सल्लागाराची मेल दुपारी नाही, दुसऱ्या दिवशी आली होती. राहू द्या, ते छोटं आहे." मग क्षणभरानं, "नाही, छोटं नाही. दुरुस्त करा." मी दुरुस्ती करतो: मेल दुसऱ्या दिवशी आली होती.

मग चहाचा प्रसंग आला. मी तिथे लिहिलं होतं, 'बाईंच्या डोळ्यांत पाणी तरळलं, त्या काही न बोलता निघून गेल्या.' ते वाचून मी थांबलो.

"डोळ्यांत पाणी?" बाई म्हणाल्या. "सर, हे कुठून?"

"मला वाटलं..."

"तुम्ही माझ्याकडे पाहिलं होतं?"

"नाही."

"मग कसं लिहिलं? मी रडले नव्हते. मला राग आला होता. यांना विचारा, घरी जाऊन रात्री जेवले नव्हते मी, रागानं. तुम्हाला मी रडलेली बरी वाटते, कारण रडणाऱ्याची दया येते आणि विषय संपतो." मग आवाज थोडा खाली आला. "राग लिहा, सर."

मी तिथल्या तिथे खोडलं आणि राग लिहिला. पुढचं वाचलं. पूर्ण झाल्यावर मी विचारलं, "बाई, हा मजकूर कोणत्या फळीवर लावाल?"

"सध्या तिसऱ्या."

"का? सगळं कबूल केलंय की."

"तुमचं सगळं केलं. पण तुम्ही वाचून राहिले त्यात मी सगळीकडे कुठूनबाईच आहे. ते तुम्ही ठेवलेलं नाव आहे. ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव नाही, तर दुसरी फळी कशी देऊ?" आणि त्या हसल्या, ते जुनं, शुक्रवारचं हसणं. "नाव घाला, मग देते."

तीन फळ्यांची पद्धत, 'माहीत नाही'ची परीक्षा आणि आजीच्या गावाची गोष्ट, हे सर्व मी ज्यांच्याकडून घेतलं, त्यांचं नाव सुनंदा गोंडाणे. त्या दिवशी सभागृहात त्यांनी विचारलेले दोन्ही प्रश्न बरोबर होते.